खड्ड्यापाशी हवा घेणाऱ्या अक्काला

अक्का, तू जाऊन अजून महिना झाला नाही आणि गाव तुला चांगली म्हणायला लागलंय. मला याचा संशय येतो. दहाव्याला आपल्या आळीतला दगा आबा सगळ्यांसमोर डोळे पुसत म्हणाला, "अक्काना हातले यश व्हतं." मी त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं उपरणं सारखं केलं, घसा खाकरला आणि नदीकडे तोंड फिरवलं. ज्यानं गोठ्याचं फाटक तुझ्या तोंडावर लावलं, त्याला आता तुझ्या हातातलं यश आठवतंय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "जाऊ दे, माय, म्हातारा शे." मी जाऊ देत नाही. तुझंमाझं याच गोष्टीवरून कधी पटलं नाही.

मी संशयी आहे हे तुला नव्यानं सांगायला नको. बाजारातली डाळ मी तळव्यावर पसरून बघते, पाहुणा अवेळी आला तर आधी त्याच्या पिशवीकडे बघते, डॉक्टरनं गोळी दिली तर ती कशाची हे दोनदा विचारते. तू हसायचीस. "इंदू, तू देवनं तीर्थ बी हुंगी लेशी, मंगच पिशी." तुझं हे वाक्य मी किती जणांना ऐकवलंय. ऐकवताना मला त्यात थोडा मान वाटायचा, हेही सांगून टाकते.

साक्रीच्या पलीकडे, डोंगर सुरू होतात त्या बाजूला आपलं गाव. मी लग्न होऊन आले तेव्हा तुझ्यामाझ्या घरात एकच भिंत होती आणि ती सामाईक होती. तुझा नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही, एक पुतण्या चाळीसगावला रेल्वेत. पुढे मी अंगणवाडी चालवायला लागले, चार लोक मला 'बाई' म्हणायला लागले, पण तुझ्यासाठी मी इंदूच राहिले. माझ्या स्वयंपाकघरात कांदा चिरला की तुला वास जायचा आणि तू भिंतीवर हात मारून विचारायचीस, काय करतेस. त्या भिंतीवर तुझ्या हाताचा आवाज कसा यायचा ते मला अजून ऐकू येतं. जड हात होता तुझा. बाईच्या मानानं पंजा मोठा, बोटं लांब आणि नखं नेहमी मुळाशी कापलेली.

त्या हातांसाठीच गाव तुला बोलवायचं. म्हैस अडली, गाय अडली, की आधी अक्का. तालुक्याहून गुरांचा डॉक्टर येईपर्यंत कोण थांबणार? माझी चंद्री पहिल्यांदा व्यायली ती दुपार मला आठवते. पारडू मध्येच अडकलं होतं आणि चंद्री मान जमिनीला टेकवून कण्हत होती. तू हातातलं चांदीचं कडं काढून माझ्याकडे दिलंस, कोपरापर्यंत भुईमुगाचं तेल लावलंस आणि हात आत घातलास. तोंड भिंतीकडे, डोळे मिटलेले. मी काही विचारायला गेले तर तू मला गप्प केलंस. बऱ्याच वेळानं म्हणालीस, "पाय दुमडेल शे. सरळ करस." तो पाय तू आतल्या आत सरळ केलास. पारडू बाहेर आलं तेव्हा श्वास घेत नव्हतं. तू त्याचं तोंड बोटानं साफ केलंस, नाकाला तोंड लावून फुंकर मारलीस, आणि ते शिंकलं. तू हसलीस तेव्हा तुझ्या हनुवटीवर सगळा चिकटा लागला होता. पदरानं पुसून तू चहा मागितलास.

मग वार पडली, पारडामागून पडते ती. ती तू गोणपाटात बांधलीस आणि नाल्याकाठच्या वडाला टांगून आलीस. आपल्याकडे सगळे तेच करायचे. वडाला चीक असतो, म्हणून वडाला वार बांधली की म्हशीला भरभरून दूध उतरतं. त्या वडाला नेहमी चार-सहा पोती लोंबत असायची, जुनी वाळलेली, नवी ओली. कावळे वर, कुत्री खाली. आणि वडाच्या सावलीतच हाळ, गावची सगळी गुरं पाणी पितात ती. मी डाळ तळव्यावर घेऊन बघणारी बाई. पण त्या वडाखालून रोज अंगणवाडीला जाताना मी एकदाही मान वर करून संशय घेतला नाही. सवयीच्या गोष्टीचा संशय येत नाही, अक्का, मग माणूस कितीही नाकं मुरडणारा असो.

ज्या वर्षी दगा आबानं बाजारातून ती देखणी म्हैस आणली, तिथून सगळं फिरलं. काळीभोर, शिंगं वळलेली, कास मोठी. मी तिला पाहिलं तेव्हाच म्हटलं होतं, एवढी चांगली म्हैस कुणी विकतो का? आबा हसला. म्हणाला, "बाई, तुमले तं देव बी खोटा दिखस." सातव्या महिन्यातच ती म्हैस गाभडली, मेलेलं पारडू पडलं. वार आत अडकून राहिली, तुला बोलावलं, तू काढलीस आणि वडाला बांधलीस. पुढल्या पंधरवड्यात दुसऱ्या आळीतली एक गाभडली. तिथंही तूच गेलीस. मग तिसऱ्या घरी. पावसाळा संपेपर्यंत पाच-सहा गोठ्यांत ओली पारडी मेलेली निघाली, केसही न फुटलेली, आणि प्रत्येक वेळी तू कोपरापर्यंत माखून बाहेर आलीस.

गावाला कारण हवं होतं. आधी गावाचा रेडा वाईट ठरला. मग सरकी. मग सरकारी टोचणी. मग कुणीतरी म्हणालं की नाल्याच्या वरच्या अंगाला कुणी काही पुरलंय. ही सगळी कारणं थकली तेव्हा लोकांनी तुझ्याकडे बघायला सुरुवात केली. एकटी बाई, पोटी मूल नाही, आणि जिथं तुझा हात लागतो तिथं गाभ पडतो. उघड कुणी बोललं नाही. पण पिठाच्या गिरणीत तू शिरलीस की बोलणं थांबायचं, आणि पोटुशी सून असलेली बाई तिला घेऊन दुसऱ्या बाजूला सरकायची. आपल्या डोंगराच्या बाजूला असं बोलणं कुठवर जातं ते तुलाही माहीत होतं आणि मलाही. वरच्या एका गावात अशाच कुजबुजीवरून एका बाईला घर सोडून जावं लागलं होतं. मी रात्री दाराला कडी लावताना तुझ्या दाराची कडी वाजली का, ते ऐकायला लागले.

आबाची दुसरी म्हैस व्यायला झाली तेव्हा तू नेहमीसारखी तेलाची वाटी घेऊन निघालीस. कुणी बोलावलं नव्हतं. एरवी बोलवायची गरज कधी पडली होती? मी तुझ्या मागोमाग होते. आबा फाटकात उभा होता, हात फाटकावर.

"अक्का, तू आते घर जाय. आमनं आम्ही देखी लेसूत."

आतून म्हैस हंबरत होती. तू एकदा आत बघितलंस आणि म्हणालीस, "तिले डाव्या अंगवर निजाड, आबा." एवढंच. मग वळून घरी आलीस आणि वाटीतलं तेल परत डब्यात ओतलंस, एक थेंब न सांडता. मी आबाला, त्याच्या बायकोला, सगळ्या आळीला शिव्या दिल्या. तू म्हणालीस, "तुना घसा दुखी." मला तुझा राग आला. माणसानं चिडायला हवं अशी जागा होती ती.

त्याच सुमारास तुझा ताप सुरू झाला. की आधीच होता आणि तू सांगितला नाहीस? मला दुसरं खरं वाटतं. सकाळी तू बरी असायचीस. उन्हं कलली की अंग तापायचं, आणि पहाटे लुगडं पिळून काढावं इतका घाम. कंबर धरलेली, गुडघे धरलेले. साक्रीच्या एका डॉक्टरनं टायफॉइड सांगितला, दुसऱ्यानं मलेरिया. गोळ्या घेतल्या की ताप जायचा आणि पंधरा दिवसांनी परत यायचा. मला दोघांचाही संशय आला आणि मी तसं त्यांना बोलूनही दाखवलं. गावालाही आला, पण वेगळा. लोक म्हणाले, जे हिनं सोडलं ते हिच्यावरच उलटलं.

गुरांचा डॉक्टर फटफटीवरून आला तेव्हा त्याचीही धडगत नव्हती. त्यानं म्हशींच्या मानेतून रक्त घेतलं तर लोक म्हणाले, हे रक्त विकतात. तरुण होता, सावळा, बोलताना चष्मा सारखा वर करायचा. रक्ताचा निकाल घेऊन तो परत आला तेव्हा चावडीवर ऐकायला फारसं कुणी थांबलं नाही. मी थांबले. तो म्हणाला, हा गाभडण्याचा रोग आहे, एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. पडलेल्या गाभात असतो, वारेत असतो, त्या पाण्यात असतो, दुधातही उतरतो. वडावरून गळलं की खालच्या चाऱ्यात आणि हाळेत जातं, कुत्री ओढून नेतात तिथं जातं. आणि माणसालाही होतो. ताप येतो, जातो, परत येतो, सांधे धरतात.

मी विचारलं, "हातानं जातो का? एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात?"

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "जातो. हातानं जातो, दोरानं जातो. माझ्या या बुटांनीही जात असेल, मी तर रोज दहा गोठे फिरतो. म्हणून तर धुतो." मग चष्मा वर करून म्हणाला, "तुमच्याकडे वार कोण काढतं?"

मी म्हटलं, "ज्याचं तो." आणि उठून आले.

तुला धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात मी नेलं. डॉक्टरांना गुरांच्या डॉक्टरचं नाव सांगितलं, रोगाचं सांगितलं. ते आधी हसले आणि मग रक्त काढलं, आणि निकाल आल्यावर हसले नाहीत. तेच निघालं. कॅप्सूल सुरू झाल्या, खूप दिवस घ्यायच्या होत्या, तू कंटाळायचीस आणि मी तुझ्यासमोर उभी राहून गिळायला लावायचे. ताप गेला. कंबर मात्र पहिल्यासारखी झाली नाही.

बसमधून परत आलो त्या संध्याकाळी तू ओट्यावर बसलीस, हात मांडीवर उलटे ठेवून, तळवे वर. मी पाणी आणलं. तू मला विचारलंस, "इंदू, खरं सांग. हाई मना हाते गयं का?"

अक्का, मी सगळी वाट हा प्रश्न येईल म्हणून उत्तर तयार करत आले होते. मी म्हटलं, "नाही गं. कुत्र्यांनी नेलं. वडाखालनं ओढून गोठ्यागोठ्यात नेलं. डॉक्टरच म्हणाला." यात खोटं काही नव्हतं, फक्त अर्धं होतं. तू माझ्याकडे बघितलंस. मग हातांकडे. "बरं," म्हणालीस, आणि पाणी प्यालीस. मला वाटलं, तुला पटलं. गावानं लावलेला डाग मी पुसला असंही वाटलं. कुणाची नजर नाही, करणी नाही, साधा रोग आहे, हे मी दारोदार सांगत फिरले. पण तुझ्या हाताचं मी कुठंही बोलले नाही. आधीच लोकांना दोष द्यायला तुझा हात हवा होता, मी तो त्यांना कशी देणार?

वडावरून मात्र आपण किती भांडलो. मी म्हणायचे, पोती काढा. तू म्हणायचीस, "मनी माय बांधे, तिनी माय बांधे. तवय नही गाभडनात ढोरे?" मी म्हणायचे, तेव्हा कुणी मोजलं होतं? तू म्हणायचीस, दूध तर मोजलं होतं. या भांडणाचा निकाल लागायचा बाकी आहे. तुझी माय वडाला वार बांधायची त्यात काही शहाणपण असेलही, उंचावर टांगलं की निदान गुरांच्या पायात येत नाही, असं मला अलीकडे वाटतं. हे तुला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तू आठवडाभर मला चिडवलं असतंस.

आणि मग एका सकाळी तूच वडाखाली शिडी लावलीस. कोयत्यानं दोर कापून एकेक पोतं खाली पाडलंस आणि नाल्याच्या वाळूत गोवऱ्या रचून जाळलंस. तो वास गावभर पसरला. लोक लांब उभे राहून बघत होते. ज्यांच्या म्हशींचं दूध त्या उन्हाळ्यात आटलं, आणि उन्हाळ्यात कोणत्या म्हशीचं आटत नाही, त्या सगळ्यांना आता कारण मिळालं. मी तुझ्यावर ओरडले, की डॉक्टरला सांगून, ग्रामपंचायतीला सांगून करायचं हे काम होतं, तू एकटी कशाला पुढं झालीस? तू तोंडावरची राख पुसत म्हणालीस, "मी बांधेल व्हतं. मीच सोडसू." त्याच दिवशी मला कळायला हवं होतं.

डॉक्टरच्या सांगण्यावरून नाल्यापलीकडच्या पडीक जागेत खड्डे घ्यायचे ठरलं. वार पडली की तिथं पुरायची, वर चुना. आबानंही ऐकलं, कारण त्याची तिसरी म्हैस गाभडली होती आणि तिच्या अंगाला तर तू हात लावला नव्हतास. त्यानं हे कधी बोलून दाखवलं नाही. जमीन मुरमाड, त्यामुळे खड्डे जेमतेम हातभर खोल जायचे आणि माणसं लगेच दमायची.

तुला कुणी बोलवत नव्हतं. पण कुणाचंही जनावर व्यालं की तू दुपारी काठी घेऊन निघायचीस, नाला ओलांडायचीस आणि त्या ताज्या खड्ड्याशेजारच्या दगडावर बसायचीस. दिवस मावळेपर्यंत. उठताना बाभळीच्या काटेरी फांद्या खड्ड्यावर रचायचीस आणि वर दगड ठेवायचीस. दुसऱ्या दिवशी परत. अक्का, बघणाऱ्याला काय वाटेल याचा तू विचार केला नाहीस का? एकटी म्हातारी, पुरलेल्या वारेपाशी बसते, वर काटे ठेवते. आबा माझ्याकडे आला. "बाई, तुमनी अक्काले समजाडा. लोक काही बी बोलतस. ती वारेवर मंतर टाकस म्हणतस." मी त्याला हाकलून दिलं, आणि तुला विचारलं, तिथं काय करतेस.

"हवा लेस," म्हणालीस.

त्या वासात? मला खोटं लगेच कळतं. मला वाटलं, तू रुसली आहेस. तुला गोठ्यात घेत नाहीत म्हणून तू बाहेर बसून सगळ्यांना दाखवतेस. मी एकदा तुझ्या मागं आलेही. बाभळीआड उभी राहून बघत होते. तू काठी मांडीवर घेऊन बसली होतीस आणि तुझे ओठ हलत होते. शब्द ऐकू येत नव्हते. आजूबाजूला माणूस नाही, आणि तू बोलत होतीस. सांगू का, मी एक पाऊल मागं सरकले. तुझ्या बाजूनं गावाशी भांडणारी मी, त्या बाभळीआड मी पण क्षणभर गावच झाले. घरी येऊन मी तुझ्यासाठी भाकरी केली आणि ती तुला देताना तुझ्या डोळ्यांत बघितलं नाही.

माझ्या लेकीला बाळ झालं तेव्हाचंही माझ्या मनात होतं. पाचवीला तुला बोलावलं. तू नवं झबलं आणलंस, ते उंबऱ्यावर ठेवलंस आणि दाराबाहेरच बसलीस. लेक बाळ घेऊन बाहेर आली, तुझ्यासमोर धरलं. तू हात पदराखाली घेतलेस. "मनं अंग दुखस, माय. पडी जाई." तुझ्या हातून कधी काही पडलं नव्हतं. मी तुला तेव्हा काही बोलले नाही, पण मनात धरलं. मला वाटलं, हिला माझं सुख बघवत नाही. असंही मी तुझ्याबद्दल वाटून घेतलंय, अक्का.

मग तू गेलीस. सकाळी भिंतीवर हात वाजला नाही, म्हणून मी बघायला आले. पुतण्यानं धुळ्याच्या डॉक्टरला विचारलं, तर हृदयाची झडप असावी म्हणाले. मी विचारलं, तो जुना ताप झडपेत बसून राहिला असेल का? ते म्हणाले, असूही शकतं. मला हे 'असूही शकतं' पुरत नाही. पण आता रक्त काढायला तू नाहीस.

परवा चंद्रीची वगार, तिची लेक, व्यायली. वगार कसली, आता तीही मोठी म्हैस झालीय. पारडू सरळ आलं, काही त्रास झाला नाही. तुझ्या जागी आबाच आला होता, हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून, डॉक्टरनं शिकवलं तसं. वार पुरली, चुना टाकला, माती लोटली. काम झालं म्हणून आम्ही हात धुतले, चहा प्यालो.

काल सकाळी मी पाण्याला गेले तर हाळेच्या काठावर चुन्यानं पांढरा झालेला वारेचा एक लांब तुकडा पडला होता आणि आबाचं कुत्रं त्याच्याशी झटत होतं. मी दगड मारला. नाला ओलांडून खड्ड्यापाशी गेले. सगळा उकरलेला. मुरूम चहूकडे, चुना पायांखाली तुडवलेला, कुत्र्यांचे पाय उमटलेले. शेजारी तुझा दगड. त्याच्या बुडाशी जुन्या बाभळीच्या वाळक्या फांद्यांचा ढीग, तू जमवून ठेवलेला.

मी तिथं उभी राहिले आणि मला सगळं एकदम कळलं. इतक्या वर्षांत एकही खड्डा का उकरला गेला नाही, ते. तू हात पदराखाली का घेतलेस, ते. अक्का, मी ओट्यावर तुला अर्धं सांगितलं तेव्हाच तुला उरलेलं अर्धं माहीत झालं होतं. मी तुला सांभाळते आहे असं मला वाटत होतं, आणि तू माझं खोटं सांभाळत होतीस. "बरं" म्हणालीस तू. मला वाचवायला म्हणालीस. मी आता सांगते, हो, तुझ्या हातानं गेला. त्याच हातानं माझं पारडू जगलं. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही तुला सांगून तुझे हात माझ्या हातांत घ्यायला हवे होते. तेवढं राहिलं.

मी तो तुकडा आत टाकून खड्डा परत भरला, चुना टाकला, हात धुऊन आले आणि दुपारी काठी घेऊन तुझ्या दगडावर बसले. दगड तापला होता. थोड्या वेळानं कुत्री आली. आधी एक, मग तीन. लांब बसून माझ्याकडे बघत राहिली. मी काठी आपटली की मागं सरकायची, काठी खाली ठेवली की पुढं. मी त्यांना शिव्या द्यायला लागले, हळू आवाजात, न थांबता. तुमच्या मायला, तुमच्या मालकाला, या मुरमाला, या गावाला. आवाज थांबला की ती उठतात, म्हणून बोलत राहावं लागतं. तुझे ओठ का हलायचे ते मला तिथं बसून कळलं. मला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि कुत्री दोन्हीला घाबरली नाहीत.

उन्हं कलल्यावर आबा बैल घेऊन नाल्याकाठानं चालला होता. मला बघून थांबला.

"बाई, काय करी ऱ्हायन्यात तठे?"

मी त्याला सगळं खरं सांगितलं. कुत्री उकरतात, तुझंच कुत्रं हाळेपर्यंत घेऊन आलं, दोन-तीन दिवस राखण केली की मग वास मरतो, अक्का हेच करायची, इतकी वर्षं हेच करत होती. मी एकेक गोष्ट समजावून सांगितली. आबा मान हलवत होता, "हाव, हाव," म्हणत होता. पण तो ऐकत नव्हता. तो माझ्या काठीकडे बघत होता, शेजारच्या काट्यांकडे बघत होता, आणि मी बोलायची थांबले तेव्हा माझ्या ओठांकडे. मग त्यानं बैलांचा कासरा आवळला, त्यांना माझ्यापासून पलीकडच्या अंगाला घेतलं आणि भरभर निघून गेला. वळणावर त्यानं दोनदा मागं पाहिलं.

तू खरं का सांगितलं नाहीस, ते मला तेव्हा समजलं. दिवस मावळला तशी मी उठले, बाभळीचे काटे रचले, वर दगड ठेवला. आज दुपारी परत जायचंय. कुणी विचारलं तर सांगणार आहे, हवा लेस.